चेटकीण, दुर्गा आणि गौरी

मराठी बालनाट्य गेली साठ-पासष्ट वर्षे मुलांना पुष्कळ गोष्टी सांगत आले आहे. खरे बोला, आळस करू नका, आईचे ऐका, गरिबाला हसू नका, लोभ धरू नका. ह्या सर्व गोष्टी सांगण्यासारख्याच आहेत, आणि मी शाळामास्तरीण असल्यामुळे त्या रोज सांगतेही. परंतु 'खरे बोला' म्हणणे निराळे आणि 'खरे असा' म्हणणे निराळे. खरे बोलणे एका वाक्यापुरते असते. बोलून झाले की संपले. खरे असणे म्हणजे आपली आवडनिवड, आपला राग, आपला आवाज, आपली चाल ह्यांतले काही न लपवता चार माणसांत वावरणे. मोठ्यांनाही हे साधत नाही. पु. ल. देशपांड्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या नाटकाला 'वयं मोठं खोटम्' असे नाव दिले. त्या नावात मोठ्यांविषयी जे मिस्कील मत दडले आहे, ते खोडून काढण्यासारखा पुरावा माझ्यापाशी नाही.

मग आपल्या बालरंगभूमीवर जशी आहे तशी वावरणारी व्यक्ती कोण? राजपुत्र म्हणावा तर तो बिचारा शौर्याच्या ओझ्याखाली असतो. राजकन्येला रडणे, गाणे आणि वाट पाहणे ह्यापलीकडे फारसे काम नसते. प्रधान लबाड, म्हणजे तो खोटाच. विदूषक दुसऱ्यांना हसवण्याच्या नोकरीत अडकलेला. राहता राहिली चेटकीण. वाचकहो, हसू नका; मी हे पूर्ण विचाराने म्हणते आहे.

ह्या चेटकिणीचा वंश कोठून सुरू होतो ते आधी पाहू. मुलांची नाटके पूर्वी नव्हतीच असे नाही. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून गोंदाने मिशा चिकटवलेले दहा वर्षांचे शिवाजी आणि आईचा शालू सावरता सावरता बेजार झालेल्या जिजाबाई दरवर्षी होत होत्या. पण मुलांनी मोठ्यांसारखे दिसावे आणि मोठ्यांनी ते पाहून विरघळावे, असा तो सगळा मामला होता. प्रेक्षक मोठे, आणि गंमतही मोठ्यांची. सुधा करमरकर ह्यांनी हे उलटे करून दाखवले. अमेरिकेत जाऊन तिकडच्या मुलांच्या रंगभूमीचा त्यांनी अभ्यास केला आणि 1959 साली गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने 'लिटल थिएटर', म्हणजेच 'बालरंगभूमी', सुरू केली. पहिले नाटक 'मधुमंजिरी'. लेखक रत्नाकर मतकरी तेव्हा जेमतेम विशीतले. कसलेल्या नटांनी, पुरते नेपथ्य, प्रकाश, गाणी आणि चमत्कार घेऊन मुलांसमोर उभे राहायचे, आणि मुले आहेत म्हणून काही स्वस्तात उरकायचे नाही, हा बाणा तेथून आला. आणि त्या नाटकात चेटकीण झाल्या होत्या खुद्द सुधाताई.

दिग्दर्शिकेने स्वतःसाठी चेटकीण निवडावी ह्यात मला मोठा अर्थ दिसतो. शहाण्या नटीला कोणत्या भूमिकेत जीव आहे हे बरोबर कळते. चेटकिणीला मोठ्याने हसता येते. सभ्य घरातल्या बाईने 1959 सालच्या गिरगावात तसे हसायचे म्हटले असते तर समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या भरल्या असत्या. तिला भूक लागते आणि ती तसे सांगते. हवे ते ती मागते, न मिळाले तर आदळआपट करते. आरशात पाहून स्वतःवर खूष होण्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही. तिचे नाक वाकडे, केस पिंजारलेले, पाठीला पोक. पण तिला त्याची खंत नाही. अख्ख्या नाटकात स्वतःच्या रूपाबद्दल तक्रार नसलेली बाई तेवढी एकच.

पुढे मतकरींनी 1962 साली पत्नी प्रतिभा मतकरी ह्यांच्यासह 'बालनाट्य' ही संस्था काढली आणि 'अलबत्या गलबत्या'तून चिंची चेटकीण आली. दिलीप प्रभावळकरांची चिंची ज्यांनी लहानपणी पाहिली ते आता आजोबा-आजी झाले आहेत आणि नातवंडांपुढे अजून तिची नक्कल करतात. 2018 साली चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा आले, तेव्हा वैभव मांगले चिंची झाले आणि दादरच्या शिवाजी मंदिरासमोर बालनाट्यासाठी आई-बापांच्या रांगा लागलेल्या पुन्हा एकदा दिसल्या. एवढ्या वर्षांनंतर मुलांची करमणूक खिशातल्या दूरध्वनीत जाऊन बसलेली असताना ही बाई अजून मुलांना खुर्चीत उभे करते, ह्याचे कारण नुसत्या रंगभूषेत सापडणार नाही.

मुले तिला भितात, हे खरे आहे. पहिल्या प्रवेशाला पहिल्या दोन रांगांतून एखादे तरी मूल रडत बाहेर न्यावे लागते. पण पाच मिनिटांत तीच मुले तिच्याशी हुज्जत घालू लागतात, तिला खोटे पाडतात, आणि ती आत गेली की पुन्हा केव्हा येणार म्हणून विंगेकडे डोळे लावून बसतात. राजकन्येची अशी वाट कोणी पाहत नाही. स्वतःच्या हुशारीवर फिदा असलेल्या ह्या बाईत मुले स्वतःला ओळखतात, असे माझे मत आहे. चार वर्षांचे मूलही असेच असते. ते हावरे असते, बढाईखोर असते, आपल्याला सगळे येते अशी त्याची खात्री असते. त्याला आपण पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत वळण लावतो, आणि मग नाटकाचे तिकीट काढून त्याला त्याचीच जुनी ओळख लांबून दाखवून आणतो.

ह्यात एक गंमत अशी की चिंची गाजवली ती पुरुषांनी. मर्दानी खांदे, बाईचा वेष, पिंजारलेला टोप, लांब नाक. म्हणजे रंगमंचावर सर्वांत जास्त सोंग कोणाचे असेल तर तिचेच. बालगंधर्वांचे गाणे ज्या शहराने डोक्यावर घेतले, त्याला पुरुषाने बाई होण्याचे नवल नाही. पण गंधर्वांची बाई सुंदर दिसण्यासाठी होती आणि ही कुरूप दिसण्यासाठी आहे. नटाला आपल्या देखणेपणाची फिकीर एकदा सोडता आली की त्याच्या अंगात किती खेळकरपणा मोकळा होतो, हे चिंचीकडे पाहून कळते. सोंगाच्या आडून माणूस अधिक खरा होतो, हे नाटकवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ह्या गोष्टीला सौंदर्यशास्त्रात काय म्हणतात ते विद्वानांनी सांगावे.

तथापि चेटकिणीवर मी कितीही भाळले, तरी एक अडचण उरते. ती हरते, आणि तिला हरावेच लागते. म्हणजे मनसोक्त स्वतःसारखे असण्याचा आनंद मुलाला मिळतो तो दुष्टाच्या वेषात, आणि पडदा पडण्यापूर्वी त्याची वसुलीही होते. मग नाटकाचे नायकपण एखाद्या मुलाकडे देऊन, त्याला चेटूक वगैरे काही न देता, 'तू जसा आहेस तसा राहा' असे सांगणारे संगीतमय नाटक कोठे आहे?

पाश्चात्त्यांकडे अशी पुष्कळ आहेत. हान्स अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट 1843 सालची. तिच्यावर इंग्रजांनी 'हाँक!' नावाचे संगीत नाटक 1993 साली रंगभूमीवर आणले, आणि 2000 साली त्याला उत्कृष्ट नव्या संगीत नाटकाचे ऑलिव्हिए पारितोषिकही मिळाले. आपल्याकडे ते पिल्लू ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यातून घरोघर पोहोचले आहे. गदिमांच्या शब्दांची गोडी मी काय सांगावी? बालवाडीतल्या प्रत्येक वर्गाने त्यावर हात हलवून नाच केलेला आहे. परंतु वर्गात हे गाणे शिकवताना मला दरवेळी एक प्रश्न टोचतो. पिल्लू अखेर राजहंस निघाले म्हणून त्याचे बरे झाले. ते बदकच निघाले असते तर? काळे, बेढब, मान वाकडी असलेले साधे बदक? मग त्याला हसणारी भावंडे बरोबर ठरली असती काय? ह्या गोष्टीत पिल्लाला मान मिळतो तो त्याच्या कुळावरून. आपल्या खऱ्या जातभाईंत जाऊन मिळाल्यावर त्याचे दुःख संपते. डेन्मार्कात ह्याचा अर्थ काय होत असेल तो असो. ज्या देशात कोण कोणत्या तळ्यातला हे जन्माआधीच ठरते, तेथे ही गोष्ट मुलांना सांगताना जरा जपून सांगावी. माझ्या वर्गात चाळीतली, झोपडीतली आणि नव्या टॉवरमधली मुले एका बाकावर बसतात. त्यांतल्या कोणाला मी सांगू की थांब, तू एक दिवस राजहंस निघशील?

म्हणून मला 'दुर्गा झाली गौरी'कडे वळावेसे वाटते. तिच्यात कोणीही राजकन्या निघत नाही.

हे नृत्यनाट्य माधव साखरदांडे ह्यांचे, आणि केले 'आविष्कार'च्या 'चंद्रशाळे'ने. त्यामागची हकीकत थोडी सांगायला हवी, कारण ती माझ्या धंद्यातल्या एका बाईची आहे. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पुढे 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये 1967 साली त्यांनी जी लीला बेणारे उभी केली, तीही शिक्षिकाच. आणि 'खरे असणे' ह्या अपराधाबद्दल तिच्यावर भरलेला तो खटला मराठी माणूस विसरलेला नाही. सुलभाताई आणि अरविंद देशपांडे ह्यांनी सहकाऱ्यांसह 1971 साली 'आविष्कार' काढली, आणि 1974 पासून त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचा तो प्रसिद्ध संसार मांडला. 'चंद्रशाळा' ही ह्याच घरातली मुलांची खोली. तेथे मोठ्यांनी मुलांसाठी नाटक करण्याऐवजी मुलेच रंगमंचावर होती, आणि त्यांना शिकवायला कोण होते? गुरू पार्वतीकुमार. तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी नृत्यरचना अभ्यासून ज्यांनी पुन्हा उभ्या केल्या, त्या माणसाने दादर-माहीमच्या मुलांकडून ताल घोटून घेतला. मुलांसाठी म्हणून काही स्वस्तात करायचे नाही, हा सुधाताईंचाच बाणा येथे निराळ्या वाटेने आला.

गोष्ट साधी आहे. दुर्गा ही हूड, हट्टी, कोणाचे न ऐकणारी मुलगी. ती अखेर शहाणी होते आणि गौरी म्हणवते. मधला प्रवास गाण्यांतून आणि नाचांतून होतो. एवढ्यावरून पाहिले तर हे सरळ बोधनाट्य, आणि शीर्षकाचा अर्थ असा की दांडगी पोर गरीब गाय झाली. कित्येक पालक हाच अर्थ घेऊन घरी जातात. 'बघ, दुर्गा कशी शहाणी झाली, तू कधी होणार?' असे जिना उतरता उतरता मुलीला सुनावणारी आई मी पाहिलेली आहे. मुलगी त्या वेळी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती.

ह्या अर्थावर माझा राग आहे, आणि तो राग नाटकावर काढावा की प्रेक्षकांवर, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. शीर्षकाने हा धोका ओढवून घेतला आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. बालनाट्यांतल्या मुलग्यांकडे पाहा. त्यांचा भाबडेपणा, धांदरटपणा, नाक खुपसण्याची सवय, हे सारे अखेर त्यांच्या उपयोगी पडते. राक्षस त्यामुळेच मरतो. 'बंड्या झाला बाळ' असे नाटक कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. मुलग्याचा हूडपणा पराक्रमाच्या खाती जमा होतो आणि मुलीचा मात्र सुधारावा लागतो, ही तक्रार 'दुर्गा झाली गौरी'विरुद्ध करता येते, आणि केली पाहिजे.

पण मग मी त्या दोन नावांपाशी थांबले. दुर्गा आणि गौरी ह्या काही दोघी नव्हेत. एकाच देवीची ती नावे. एक आश्विनात हातात शस्त्रे घेऊन येते आणि दुसरी भाद्रपदात गणपतीपाठोपाठ तीन दिवसांसाठी माहेरी येते. एक गेली म्हणून दुसरी आली, असे होत नाही. आणि गौरी म्हणजे मवाळ, खाली मान घालणारी, असे तरी कोणी ठरवले? कोणाकडे ती तेरड्याची असते, कोणाकडे खड्यांची, कोणाकडे मुखवट्यांची. गिरगावातल्या काही घरांत तिला पुरणपोळी लागते. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेल्या कित्येक घरांत दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे तिखटाचा नैवेद्य, वडे-सागोती असते, आणि ती तो आनंदाने घेते. त्या रात्री बायका जागरण करतात. वर्षभर ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही त्या सुना फुगड्या घालतात, झिम्मा खेळतात, सासूला गाण्यातून चिमटे काढतात, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी कितीही काठ्या ठोकल्या तरी पहाटेपर्यंत थांबत नाहीत. तिची शांत मूर्ती तेवढी आपल्या ध्यानात राहते. रात्रभरचा दणदणाट कॅलेंडरवर छापत नाहीत.

हे ध्यानात घेऊन नृत्यनाट्याकडे पुन्हा पाहिले म्हणजे शब्दांनी सांगितलेली गोष्ट आणि पावलांनी सांगितलेली गोष्ट ह्यांत तफावत दिसू लागते. भरतनाट्यम् शिकलेल्या कोणत्याही मुलीला विचारा. अर्धमंडलात बसून पाऊल जमिनीवर आपटायचे असते, हळूच टेकवून चालत नाही. नजर समोर ठेवावी लागते. लाजऱ्या, अंग चोरणाऱ्या मुलीला हा नाच येतच नाही. दुर्गेची जी आदळआपट पहिल्या प्रवेशात घरादाराला त्रास देते, तीच तालात बसल्यावर शेवटच्या नाचात कामास येते. तिचा जोर गेलेला नसतो. त्याला सम सापडलेली असते. पार्वतीकुमारांसारख्या गुरूने हे जाणूनबुजून केले की नृत्याच्या जातीमुळे ते आपोआप घडले, हा वाद मी घालत नाही. पण शीर्षक वाचून मुलगी गप्प झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढच्या वेळी कान शब्दांकडून काढून मुलींच्या पायांकडे लावावेत.

आणखी एक. ह्या नाटकात मुलांचा मोठा ताफा लागतो. दुर्गा एकच, परंतु तिच्याभोवती नाचणारी मुले कितीतरी. समूहात नाचताना प्रत्येकाने स्वतःसारखे वागायचे ठरवले तर टक्कर होऊन दोघांचे दात पडतील. शेजाऱ्याचा हात कोठवर येतो हे ओळखून आपला हात पसरायचा, एवढे भान तालमीत प्रत्येकाला येते. 'तू जसा आहेस तसा राहा' असे कानात सांगणाऱ्या आजकालच्या गोड गाण्यांत हे भान मला कमी आढळते. त्यांतला मुलगा एकटाच प्रकाशझोतात उभा असतो, बाकीचे सगळे त्याला समजून घेण्यासाठी असतात. आमच्या परळ-लालबागेत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहिली, तेथे असा झोत कोणावरच पडला नाही. विजय तेंडुलकरांनी मुलांच्या एका नाटकाला 'राजाराणीला घाम हवा' असे नाव दिले. गिरणगावातल्या पोरांना त्यातला विनोद समजावून सांगण्याची कधी गरज पडली नसावी. 1982 च्या संपापूर्वी घाम म्हणजे काय हे पाळी संपवून घरी येणाऱ्या बापाच्या सदऱ्यावरच दिसत होते.

गाण्यांविषयी मात्र मला कडक बोलायचे आहे. संगीतमय बालनाट्य म्हणायचे, आणि गाणे आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर मुलांनी नुसते ओठ हलवायचे, ही रीत आता शाळांच्या संमेलनांतून सर्रास झाली आहे, आणि धंदेवाईक बालनाट्येही तिच्यापासून अगदी मुक्त नाहीत. सोय कळते. मुले दमतात, सूर जातो, ध्वनिक्षेपक दगा देतात. पण 'स्वतःचा आवाज ओळखा' असा संदेश देणाऱ्या गाण्यावर मूल दुसऱ्याच्या आवाजात तोंड उघडझाप करत असेल, तर तो संदेश कोणाला पोहोचावा? बेसूर झाले तरी चालेल, पेटी आणि ढोलकी घेऊन दोन माणसे बाजूला बसवा. परळच्या दामोदर नाट्यगृहात 1922 पासून कामगारांनी नाटके केली. दिवसभर सांच्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी तेथे स्वतःच्या गळ्याने पदे म्हटली, आणि वन्समोअरही घेतले. ते नाट्यगृह 2023 साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नवे उभारताना त्यात यंत्रे पुष्कळ येतील. वादकांना बसायला रंगमंचापाशी चार फूट जागा ठेवली तर बरे होईल.

सुधाताई 2018 साली गेल्या, मतकरी 2020 साली. सुलभाताई त्याआधीच, 2016 साली. तिघांनी मिळून मुलांना चेटकीण दिली, राक्षस दिले, दुर्गा दिली. पण चेटूक न करता, कोणाच्या कुळावर न जाता, आणि नाव न बदलता नाटकाच्या शेवटापर्यंत पोहोचणारी मुलगी अजून यायची आहे. ती लिहिण्याचे काम आताच्या लेखकांचे, आणि मीही कादंबऱ्या लिहिते तेव्हा त्यांतून मला सुटका नाही.

ह्या वर्षी आमच्या सातवीच्या वर्गात संमेलनासाठी भूमिका वाटायच्या होत्या. दुर्गेसारखी एक मुलगी, चेटकिणीसारखी एक म्हातारी, एक राजा, चार झाडे असे काहीसे जुळवलेले नाटुकले आहे. चेटकिणीसाठी बावीस हात वर झाले, त्यांत नऊ मुलगे. दुर्गेसाठी सतरा. राजासाठी दोन. शेवटच्या बाकावरची एक मुलगी एकदाही हात वर करीना, म्हणून मी तिला विचारले, तुला काहीच नको का? ती म्हणाली, "बाई, मला झाड द्या. पण बोलणारं."

संहितेत तसे झाड नाही. नाताळच्या सुट्टीपूर्वी ते लिहून द्यायचे मी कबूल केले आहे.